दोन सिटांची सायकल आणि तीन घाट

मित्रांनो, मला दोन सिटा आहेत, पेडलच्या दोन जोड्या आहेत, पण वळणारं हँडल एकच, पुढचं. मागच्या माणसापुढेही एक दांडा असतो, तो नुसता धरून बसण्यासाठी. ब्रेक पुढे, गिअर पुढे. मागच्याने फक्त पाय मारायचे आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा. माझा हिरवा रंग आता जागोजागी उडाला आहे, तरी माझा सांगाडा अस्सल पोलादाचा आहे. तो मला अजून दगा देत नाही.

ओरेगन राज्यातल्या एका लहानशा कारखान्यात मी जन्मले. तिथून ॲरिझोनातल्या चँडलर गावच्या एका दुकानात आले. काचेमागे उभी राहून राहून मी अगदी कंटाळले होते. लोक यायचे, माझ्याकडे बोट दाखवून हसायचे आणि साध्या सायकली घेऊन जायचे. मग एके दिवशी मनोहर आणि शैलजा आले. मनोहर पुण्याचे, कम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. शैलजा नागपूरची. कॉलेजात असताना ती रोज सायकलने जायची. दोघं अमेरिकेत नवीनच होती.

"अहो, ही बघा! हिच्यावर बसलं तर कुणी मागं राहणार नाही," शैलजा म्हणाली.

आणि मी त्यांची झाले. मनोहर पुढे, शैलजा मागे, असंच पहिल्या दिवशी ठरलं. म्हणजे कुणी ठरवलं नाही, पण तसंच झालं. दर शनिवारी पहाटे, ऊन तापायच्या आत, आम्ही कालव्याच्या काठाने दूरवर जायचो. शैलजा मागून चिक्कीचे तुकडे पुढे द्यायची. वाटेत भेटणारे लोक हात हलवायचे. पुढे त्यांना मुलगी झाली, आश्लेषा. ती चालायला लागल्यावर माझ्यामागे एक छोटी गाडी जोडली आणि आम्ही चौघं फिरू लागलो. चौथी मी.

मनोहरांच्या मनात एक हौस होती. कोलोरॅडोच्या उंच डोंगरांत तीन घाटांची एक वाट आहे. फ्रीमाँट, टेनेसी आणि व्हेल असे तीन घाट ओलांडले की माणूस फिरून निघाला होता तिथेच पोचतो. तिथली हवा विरळ, चढ अंगावर येणारे. आश्लेषा शाळेत असताना आम्ही एकदा गेलोही. दोन घाट झाले. तिसऱ्यावर शैलजाच्या पायात गोळे आले, मनोहर थांबायला तयार होईनात, आणि तेवढ्यात बोराएवढ्या गारांचा मारा सुरू झाला. शेजारच्या महामार्गावरून जाणाऱ्या एका भल्या ट्रकवाल्याने आम्हाला खाली आणून सोडलं. परतीच्या वाटेवर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. "पुढच्या वर्षी," असं मनोहर घरी आल्यावर म्हणाले. पुढची वर्षं मात्र कामात गेली.

मग मनोहरांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही धूसर झालं. शस्त्रक्रिया झाल्या, पण उजेड आणि सावली यापलीकडे काही उरलं नाही. त्यांनी नोकरी सोडली. मला गॅरेजच्या छताला उलटं टांगण्यात आलं. माझ्या टायरांतली हवा गेली, साखळी गंजली, ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात गॅरेज भट्टीसारखं तापायचं तेव्हा माझ्या मुठींचं रबर चिकट होऊन ओघळलं. पण मित्रांनो, खरं सांगते, मला माझ्यापेक्षा मनोहरांचं वाईट वाटायचं. ते घराबाहेर पडेनात. आंधळ्याची काठी आणून दिली, तिला हात लावेनात. मित्रांचे फोन घेईनात.

एका सकाळी गॅरेजचं दार उघडलं. शैलजा शिडी घेऊन आली होती. तिने मला खाली उतरवलं, पुसलं, साखळीला तेल दिलं, नवे टायर बसवून आणले. मग ती मनोहरांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आली आणि तो हात माझ्या मागच्या सीटवर ठेवला.

"बसा," ती म्हणाली.

"ही मागची सीट आहे, शैला."

"मला माहीत आहे कुठली आहे ती."

"आणि पुढे कोण?"

"मी."

मनोहरांनी सीट हाताने चाचपून पाहिली. मग म्हणाले, "पडशील."

"मग तुम्हीपण पडाल. सोबत होईल."

आणि आम्ही खरंच पडलो! बागेतल्या हिरवळीवर, पहिल्याच वळणाला. मी आडवी, माझ्यावर शैलजा, बाजूला मनोहर. मला वाटलं, संपलं सगळं. तर मनोहर हसत होते. किती तरी दिवसांनी त्यांचं हसणं मी ऐकलं. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा कालव्याकाठी जाऊ लागलो. वर्षभराने शैलजानेच तीन घाटांचं नाव काढलं.

आश्लेषा आता मोठी झाली आहे, फिनिक्सच्या एका हॉस्पिटलात काम करते. ती ऐकून थक्क झाली. "आई, धिस इज क्रेझी! बाबांना दिसत नाही आणि तू साठीची आहेस."

"म्हणून तर तू गाडी घेऊन मागे येणार आहेस," शैलजा म्हणाली.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. पहिला घाट पहाटेच्या गारठ्यात चढलो. दुसरा लांब पण सोपा होता. मग उंच पुलावरून नदी ओलांडली, एक आडवा आलेला डोंगर चढलो, आणि मिंटर्न गावाकडे जाणारा उतार सुरू झाला. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. मी सुसाट सुटले.

"ब्रेक लाव! शैला, ब्रेक!" मनोहर ओरडत होते. ती ब्रेक लावतच होती. पण वळण आलं की मनोहरांचं शरीर भीतीने उलट्या बाजूला झुकायचं, आणि माझं मागचं चाक दरीकडे ओढलं जायचं. एका वळणावर तर मी पांढरी रेघ ओलांडून कडेच्या खडीवर गेले. शैलजाने कसंबसं मला थांबवलं.

"अहो, तुम्ही मला दरीत घालणार आज!"

"मला वळण दिसत नाही, शैला!"

दोघंही धापा टाकत होती. थोड्या वेळाने मनोहरांनी हळू आवाजात विचारलं, "तू वीस वर्षं मागे बसलीस. तुला वळण कसं कळायचं? मी तर कधी सांगितलं नाही."

"तुमच्या पाठीवरून. वळण आलं की आधी तुमचा डावा किंवा उजवा खांदा खाली जायचा. मी बघून तशीच झुकायचे."

मनोहरांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला. "वीस वर्षं माझी पाठ वाचत होतीस?"

"दुसरं काय होतं वाचायला?"

मनोहर हसले. "मला तुझी पाठ दिसत नाही गं. तू बोल."

मग ती बोलत राहिली. "डावं वळण येतंय. आलं. झुका. आता सरळ. उजवं, मोठं आहे, सावकाश." मनोहर तिच्या शब्दांबरोबर झुकू लागले. माझी दोन्ही चाकं एका रेषेत आली. इतकी हलकी मी कधी झाले नव्हते.

मिंटर्नमध्ये आश्लेषा गाडीपाशी वाट बघत होती. पश्चिमेला काळे ढग जमले होते. "दॅट्स इनफ, बाबा. यू डिड ग्रेट. आता गाडीत बसा."

मनोहरांनी नेहमीप्रमाणे उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते थांबले. "मला नको विचारू. तुझी आई चालवते आहे. तिला विचार."

शैलजाने ढगांकडे पाहिलं, घाटाकडे पाहिलं. "अजून लांब आहेत ते. गडगडलं तर मी स्वतः थांबेन. पण मला हा घाट चढायचाय, आशू."

तिसऱ्या घाटाची वाट फक्त सायकलींसाठी आहे. महामार्गाच्या खालून जाते, ओढ्याच्या कडेने वर चढते, आणि मग एके ठिकाणी इतकी उभी होते की माझी साखळी करकरू लागली. शैलजाचे पाय जड झाले. "अहो, मला नाही जमणार," ती पुटपुटली. मनोहरांनी सगळं बळ पायांत आणलं. साखळीतून ते मला कळत होतं. मागच्या पेडलवर एवढा जोर मी कधी अनुभवला नव्हता. शैलजालाही तो कळला. तिने मान खाली घातली आणि तीही पाय मारू लागली. कण्हत, धापा टाकत आम्ही तिघं वर आलो. ढग दुसरीकडे निघून गेले होते. घाटमाथ्यावर गार वारा होता आणि महामार्गाने गाडी घेऊन आलेली आश्लेषा टाळ्या वाजवत रडत होती.

पुढे नुसता मोकळा, सौम्य वळणांचा उतार. शैलजा वळणं सांगत होती. अचानक मला मागचा दांडा रिकामा झाल्याचं जाणवलं. मनोहरांनी दोन्ही हात सोडून पंखांसारखे पसरले होते.

"अहो, काय करताय मागे?"

"उडतोय!" ते ओरडले. "शैला, पुढे बसून हे कधी करताच आलं नसतं! ॲडव्हान्टेज बॅकसीट!"

शैलजा इतकी हसली की मला आपला तोल सांभाळावा लागला.

आता मनोहर काठी घेऊन एकटे वाचनालयात बोलकी पुस्तकं ऐकायला जातात, आणि शनिवारी आम्ही कालव्याकाठी असतो. तुमच्याही गॅरेजमध्ये, जिन्याखाली किंवा गॅलरीत माझी एखादी बहीण टांगलेली असेल, तर मित्रांनो, तिला खाली उतरवा. टायरांत हवा भरा, साखळीला तेल द्या, तिला कडक उन्हात ठेवू नका. आणि ती माझ्यासारखी दोघांची असेल, तर एखाद्या सकाळी जागा बदलून बसा. सुरुवातीला पडाल, म्हणून हिरवळ बघून निघा.