पाणी कुठे मुरतंय

चिरंजीवांची नोकरी लोकांना पाणी पाजण्याची होती. वाक्प्रचाराच्या अर्थाने नव्हे; त्या अर्थाने कुणाला पाणी पाजण्याची धमक त्यांच्यात नाही, हे त्यांची बायको शपथेवर सांगेल. ते आरोग्य खात्याच्या प्रसिद्धी विभागात बसून पत्रकं लिहीत, आणि उन्हाळा जवळ आला की पत्रकाचा विषय एकच असे: पाणी प्या. उठल्याबरोबर प्या, जेवणाआधी प्या, तहान लागायची वाट बघू नका. यंदा साहेबांनी आठ ग्लासांचे दहा करायला सांगितले होते, कारण शेजारच्या विभागाने चालण्याची मिनिटं वाढवली होती आणि आपण मागे पडलेलं वर दिसलं असतं.

असं दिवसभर जनतेला 'प्या प्या' करून चिरंजीव संध्याकाळी घरी येत आणि म्हाताऱ्या बापाच्या हातातला पेला काढून घेत.

चिरंजीव हे त्यांचं नाव नव्हे. नाव होतं, पण नानांनी ते कधी फारसं वापरलं नाही. नाना शाळेत भाषा शिकवायचे. 'आमचे चिरंजीव' हे त्यांच्या तोंडात एकदा बसलं ते बसलंच. मग ते शेजाऱ्यांनी उचललं, दूधवाल्याने उचललं आणि लग्नानंतर बायकोनेही. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी माणूस चिरंजीवच राहिला.

नानांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते अगदी प्लंबरच्या भाषेत समजावलं होतं. "पंप जुना झालाय. पाणी पुढे ढकलत नाही. मग ते पायात उतरतं, छातीत साठतं. मागच्या वेळी आपण काढलं. पुन्हा तुंबलं तर काढता येईलच असं मी म्हणणार नाही. पिणं कमी करा. दिवसभरात जे काय पिणं होईल ते लिटरभर. त्याच्यावर थेंब नको."

चिरंजीवांनी त्याच दिवशी लिटरचा काचेचा जग आणला. सकाळी तो भरायचा, फडताळावर ठेवायचा, नानांना हवं तेव्हा त्यातून द्यायचं. आणि नवल म्हणजे नानांनी कुरकुर केली नाही. उलट संध्याकाळी जगात चार बोटं पाणी उरलेलं असायचं. नाना ते जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवायचे, आणि चिरंजीवांनाही.

"बघ. संयम म्हणतात याला. तुमच्या पत्रकात लिही."

पण वजनकाट्याला संयमाचं कौतुक नव्हतं. नानांचं वजन वाढत होतं. मोज्याचं इलॅस्टिक पायावर खोल वळ उठवू लागलं. दोन उशांवर झोपणारे नाना तिसरी उशी मागू लागले. चिरंजीवांना त्या तिसऱ्या उशीची धास्ती बसली. मागच्या वेळचीही सुरुवात तिथूनच झाली होती.

"अहो, कुठेतरी पाणी मुरतंय," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, तिचा माणसांवर विश्वास कमी होता. "म्हातारं माणूस आणि लहान मूल, दोघांवर नजर ठेवावी लागते."

मग नजर ठेवणं सुरू झालं. नानांनी आंघोळीला जाताना दाराला कडी लावायची नाही असं ठरलं. तोंड धुताना चिरंजीव उगाचच टॉवेल शोधत मागे घुटमळू लागले. फुलदाणीतली फुलं काढली, कारण फुलदाणीत पाणी असतं. नानांनी हे सगळं बघितलं आणि एका सकाळी तोंडाला फेस तसाच ठेवून विचारलं, "चिरंजीव, टॉवेल सापडला का? तीन दिवस शोधतोयस."

"नाना, खरं सांगा. जगाबाहेरचं पाणी पिता का?"

"नाही."

"शेजारी जाता तेव्हा?"

"नाही म्हणून सांगितलं ना! जन्मात खोटं बोललो नाही, ते आता पेलाभर पाण्यासाठी बोलेन?"

तरी चिरंजीव शेजारी जाऊन आलेच. शेजारचे निवृत्त ड्रायव्हर नानांबरोबर रोज दुपारी बुद्धिबळ खेळत. ते जवळजवळ रागावले. "गुरुजी? छे हो! पाण्याला शिवत नाहीत. मी स्वतः पुढे करतो, तर हात आडवा करतात. आमच्याकडे फक्त चहा घेतात."

हे ऐकून चिरंजीवांचा जीव भांड्यात पडला. आपण देवमाणसावर संशय घेतला या टोचणीने त्यांनी घरी आल्याबरोबर नानांसाठी कलिंगड कापलं.

आठवड्याने नानांना जिना चढताना मध्येच बसावं लागलं. चिरंजीवांनी अर्धी रजा टाकली आणि त्यांना टॅक्सीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नानांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. त्या खळग्याकडे तिघंही काही वेळ बघत बसले.

"काय काय पितात?"

"पाणी. तेही लिटरच्या आत. रोज उरतं," चिरंजीव अभिमानाने म्हणाले.

"चहा?"

"चहा घेतात."

"किती वेळा?"

"घरी तीनदा. आणि शेजारी... शेजारीही घेतात."

"सूप?"

"ते जेवणात येतं."

"फळं?"

"कलिंगड खातात. मी स्वतः कापून देतो."

"बर्फ वगैरे?"

"चघळतात कधीमधी. तोंड कोरडं पडतं ना."

"गोळ्या?"

"वेळेवर घेतात. पेलाभर पाण्याबरोबर."

"ते पाणी जगातलं?"

"नाही, ते..." चिरंजीव थांबले. "ते गोळीचं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या घरी पितं तरी कोण? एक घेतो, एक खातो, एक चघळतो. अहो, मूत्रपिंडाला क्रियापद कळत नाही!"

चिरंजीवांनी खुर्चीत बसलेल्या बापाकडे बघितलं. नाना भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही माणूस इतक्या बारकाईने तक्ता वाचत नाही.

खरं म्हणजे यात चिरंजीवांचीही तशी चूक नव्हती. त्या घरात ते वाढलेच तसे. लहानपणी एकदा पाहुण्यांसमोर "मी चहा पितो" म्हटल्याबद्दल नानांनी त्यांना कान धरून उभं केलं होतं. 'म्हैस पिते. माणूस चहा घेतो. पितो ते पाणी, आणि आणखी जे पितात त्याबद्दल घरात बोलायचं नसतं.' ते क्रियापद कानातून हाडात उतरलं होतं. डॉक्टरीणबाई 'पिणं' म्हणाल्या आणि चिरंजीवांनी ऐकलं 'पाणी'. रोज संध्याकाळी जगातलं उरलेलं पाणी बघून त्यांना म्हाताऱ्याने किती सोसावं असं वाटायचं, आणि ते सूपचा वाडगा काठोकाठ भरायचे. पाणी दुसरीकडे कुठे मुरत नव्हतं. पहारेकरीच बादली घेऊन उभा होता.

डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी दिली, चार दिवसांनी पुन्हा या म्हणाल्या. परत येताना टॅक्सीत नानांनीच विषय काढला.

"मी एक शब्द खोटं बोललो नाही."

"नाही नाना."

"तू विचारलंस, पाणी पिता का. मी म्हटलं, नाही."

"हो."

"प्रश्न नीट विचारायला शिकवलं होतं मी तुला."

चिरंजीवांनी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. भांडायलाही अंगात थोडी ताकद लागते.

दुसऱ्या दिवसापासून कायदा बदलला. कपभर चहा घेतला की जगातून कपभर पाणी ओतून टाकायचं. सूप घेतलं की वाडगाभर. आपल्या डोळ्यांदेखत आपलं पाणी मोरीत जाताना बघणं नानांना एकच दिवस जमलं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी जाहीर केलं, "चहा बंद. सूप बंद. कलिंगड घरात आणू नका. सगळं पाणीच द्या मला."

"अहो नाना, चहा तरी..." सून म्हणाली.

"पाणी," नाना म्हणाले. "त्यातलं मला दुसरं काही नको होतं. जगात उरवून दाखवायचं, म्हणजे पाणी मागायची चोरी; म्हणून बाकीचं घेत होतो."

रविवारी मात्र फजिती झाली. नानांनी सकाळीच जग जवळ ओढला आणि पेले भरभरून, मान मागे टाकून, गळ्याची घाटी वरखाली करत ते प्यायले. दुपारी ऊन भिंतीवर चढलं तेव्हा जगाचा तळ दिसत होता. चिरंजीव जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. उद्या पत्रक द्यायचं होतं आणि मथळा सुचत नव्हता.

"चिरंजीव. घोटभर."

"संपलं, नाना."

"नळ आहे ना?"

"नळ आहे. तुमचं संपलं."

"जीभ टाळ्याला चिकटलीय रे."

"हो नाना."

"हो काय, हो? चाळीस वर्षं वर्ग घेतला मी. लघवीला सोडलं नसेल, पण पाण्याला कुणाला नाही म्हटलं नाही. वैरी आहेस तू. सात जन्मांचा."

"हो."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "द्या हो एक घोट. एका घोटाने काय होतंय?"

"जे झालंय ते एकेका घोटानेच झालंय," चिरंजीव म्हणाले. आवाज चढवायचा होता, तो चढला नाही. ते उठले आणि नानांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. नाही म्हणायचंच असेल तर ते टेबलावरून म्हणणं बरोबर वाटेना.

बायकोला मग आठवलं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, चूळ भरली तर चालेल. गिळायची नाही फक्त." तिने पेला आणि पितळी तस्त आणून खुर्चीपाशी ठेवलं.

नानांनी पेला दोन्ही हातांनी धरला. मोठी चूळ घेतली. दोन्ही गाल फुगले. आणि ते तसेच बसून राहिले, डोळे अर्धवट मिटून. थुंकेनात. गळा हलतोय का, हे बघायला चिरंजीव पुढे वाकले, मग स्वतःचीच लाज वाटून मागे झाले. भरल्या तोंडाने बोलता येत नाही. खोलीत इतकी शांतता त्यांनी या घरात कधी ऐकली नव्हती. बावन्न वर्षांत पहिल्यांदाच नाना समोर होते आणि मध्येच तोडणार नव्हते.

"मी दमलो, नाना," चिरंजीव म्हणाले.

नानांनी डोळे उघडले.

"दिवसभर लोकांना पाणी प्या म्हणतो आणि घरी येऊन तुम्हाला नको म्हणतो. झोपेत नळ गळल्याचा आवाज येतो. उठून बघतो, नळ कोरडा असतो. पहिल्यांदा वाटतं, तुम्ही पिताय. मग वाटतं, पिऊ दे. मरू दे एकदाचं, पिऊ दे. मग तिथेच मोरीत बसतो मी. असं कसं वाटलं आपल्याला म्हणून."

नानांचे गाल फुगलेलेच होते. घशाची घाटी एकदा वर गेली. तिथेच थांबली. मग त्यांनी तस्त ओढलं, खाली वाकले आणि सगळं पाणी सोडलं. बराच वेळ, हळूहळू, धार धरून. हनुवटीवरचा ओघळ बाहीला पुसला.

तस्तात किती पडलं ते चिरंजीवांनी बघितलं नाही.

नानांनी पेला पुढे केला.

"अजून एक चूळ दे," ते म्हणाले. "आणि बोल. मोरीत बसतोस, तिथपर्यंत आला होतास."