आत्याची नजर

जिभेला हाड नसतं म्हणतात. अनुजाच्या जिभेला लगामही नव्हता. माहेरी कागलात पोरगी फटकळ म्हणून तिचं कौतुक व्हायचं. कोल्हापुरात सासरीही ते चालून गेलं, लेकाचा डोळा गळायला लागेपर्यंत.

राजवर्धनच्या डाव्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असायच्या. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, काजळ घातलं, पण गुण येईना. अशात घरी पूजा निघाली आणि मोना आली. ही नवऱ्याची थोरली बहीण, पेठ वडगावला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. बारशाला आत्या म्हणून तिनंच बाळाच्या कानात नाव सांगितलं होतं आणि पाठीत बसलेले बायकांचे धपाटे हसत हसत खाल्ले होते. आल्या आल्या तिनं बाळाला उचललं, आणि बायकांनी भरलेल्या खोलीत अनुजा बोलून गेली.

"वन्सं, ठेवा त्याला खाली. बारशाला तुमी घेतल्यापासनंच डोळा वाहाय लागलाय. टक लावून बघतासा की नुसतं."

मोनानं बाळाला दुपट्यावर ठेवलं. प्रसादाचा द्रोण तसाच टाकून ती एसटी गाठायला निघाली. पुढं ती माहेरी फिरकलीच नाही. खरं सांगायचं तर अनुजाला तेव्हा बरंच वाटलं होतं.

डोळा गळायचा थांबेना, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"बारशापासनं," अनुजा ठासून म्हणाली.

"आधीचा एखादा फोटो आहे?"

मोबाईलमध्ये होता, बारशाआधी पाळणा सजवताना काढलेला. डावी पापणी ओली, कोपऱ्यात पिवळं चिपड.

"जन्मापासूनच आहे हे. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला बारीक नळी असते. तिच्या तोंडाशी पातळ पडदा राहिलाय. बहुतेक मुलांचा वर्षभरात आपोआप उघडतो, नाहीतर आम्ही उघडतो. आधी नखं काढा, काजळ बंद करा. इथं कोपऱ्यात बोट ठेवून नाकाच्या कडेनं खाली दाबत आणायचं, रोज."

डॉक्टरीणबाई बोट धरून शिकवत होत्या, पण अनुजाला तो द्रोण दिसत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. घरीसुद्धा न जाता तिनं वडगावची एसटी धरली.

मोनानं दार उघडलं, पाणी दिलं, विचारपूस केली. बोलत होती अनुजाशी, बघत होती भिंतीकडं.

"वन्सं, चुकलं माझं. वंगाळ बोलले मी. नळी बंद हाय त्याची, जन्मापासनंच. तुमचा काय बी दोष न्हाय. घ्या की त्याला."

मोनाचा हात पुढं आला. दुपट्याबाहेर आलेलं इवलंसं पाऊल तिनं मुठीत धरलं. मान मात्र वळवली नाही.

"असंल गं. डॉक्टर काय खोटं सांगत्यात व्हय? पर बरा होऊ दे डोळा. मग बघते."

तिच्या आवाजात राग असता तर अनुजानं सोसला असता. पण मोनानं ते खरंच मानलं होतं, आपल्या नजरेत विष आहे असं. शरमेनं अनुजाची मान वर होईना. काय करावं ते न सुचून तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि शिकवल्यासारखं बोट लावलं. बाळानं टाहो फोडला.

"दुखतंय का गं त्येला?" मोनानं विचारलं. पाऊल अजून तिच्या मुठीत होतं आणि डोळे गच्च मिटलेले.