तारेला लागलेलं हेरिंग

‘दर्याच्या पोटात गं, चांदीची बाळं निजली,
हळू बोल माझे बाई, कूस त्यांनी बदलली...’

देवगडला दारावर तारली मासे घेऊन येणाऱ्या यमुनामावशीचा हा आवाज. ग्लासगोच्या हॉस्पिटलात डॉक्टरकी करताना मधुमतीला तो कधी आठवला नव्हता. आज स्कॉटलंडमधल्या क्लाइडच्या खाडीत, हेरिंग मासे पकडायला निघालेल्या डुगाल्डच्या बोटीवर, आपसूक आला. हेरिंग म्हणजे तारलीची चुलतबहीणच की!

१९८६चा ऑक्टोबर. सोमवारी तिला ब्रिस्टलच्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. तिच्याच वॉर्डातला डॉक्टर शशिधर दोन वर्षं नुसते विनोद करत होता, आणि तिलाही मनातलं ते एक वाक्य बोलायला काही जमत नव्हतं. निरोपाची सहल म्हणून त्यानेच तिला इथे आणलं. म्हातारा डुगाल्ड त्याचा पेशंट.

डुगाल्डने तिच्या हाती बारीक तार दिली. टोकाला शिशाचं वजन. “आता यंत्रं आली गं पोरी, पण माझा बाप हेरिंग असाच शोधायचा. तार पाण्यात सोडायची, बोट हळूहळू हाकायची. मासा तारेला धडकला की बोटांना कळतं. तू सांग, मग शेजारच्या बोटीतला माझा भाऊ जाळ्याचा वेढा घालेल. तोवर चिडीचूप!”

“ते याला सांगा,” मधुमती म्हणाली.

शशिधरने ओठांना कुलूप लावलं, किल्ली समुद्रात फेकली आणि तो तिला अगदी खेटून बसला.

टुक. टुक. टुकटुकटुक.

“आले! अहो, आले! ढीगभर!”

मराठीतच ओरडली, पण डुगाल्डला कळलं. हाका झाल्या, इंजिनं घुमली, दोर सळसळले. वेढा पडला, जाळं वर आलं. आत एक जेलीफिश, नव्या नवरीसारखी अंग चोरून.

मधुमतीने हाताकडे पाहिलं. तार अंगठ्याखाली गच्च दाबलेली. ती हसत सुटली, हसता हसता खालीच बसली.

“अगं, झालं काय?”

“अंगठा, शशिधर! नाडी अंगठ्याने बघू नये, आपलीच लागते. फर्स्ट इयरला शिकवतात! मी माझीच नाडी मोजत होते रे!”

“एवढी जोरात? ॲडमिट करायला हवं तुला. कशानं धावतेय?”

“मासे कुठेत?” डुगाल्ड ओरडला.

“थांबा हो जरा!” ती त्याच्यावरही मराठीतच खेकसली, आणि शशिधरकडे वळली.

“तू खेटून बसलास म्हणून धावतेय, गाढवा. दोन वर्षं धावतेय. लग्न करशील माझ्याशी?”