करंगळीखालचा सूर

मी बेस गिटार बोलतेय. नुसती गिटार म्हणालात तरी मी ओ देईन, पण मनातून जरा खट्टू होईन. गिटार म्हणजे ती सहा तारांची, सडपातळ, सगळ्यांच्या नजरेत भरणारी. मी चार तारांची, लांब मानेची आणि अंगाने चांगली भारी. ती पुढे उभी राहून मिरवते आणि मी मागे राहून गाण्याला धरून ठेवते. मी वाजत असताना कोणाचं माझ्याकडे लक्ष नसतं आणि मी थांबले की गाणारीसकट सगळे मागे वळून बघतात.

माझा जन्म कारखान्यातला. एकाने अंग कापलं, दुसऱ्याने मान घासली, तिसरीने तारा चढवल्या. कोणाच्याच हातात मी पाऊण तासाच्या वर राहिले नाही, त्यामुळे आईबापांचं विचाराल तर मला काही सांगता येणार नाही. तिथून मी दुकानात आले. तिथे मला मानेला धरून भिंतीवर टांगलं होतं. लोक यायचे, मांडीवर घ्यायचे आणि सगळेजण तीच एक सुरावट वाजवायचे, तीही चुकीची. माझा रंग साधा, कपाटाचा असतो तसा तपकिरी. त्यामुळे मला खाली ठेवून लोक लगेच शेजारच्या निळीकडे वळायचे.

मग एक दिवस आमचा बेसवाला आला. त्याचं खरं नाव काहीही असो, सगळे त्याला बेसवालाच म्हणतात. तोवर त्याच्या तीन बेस होऊन गेल्या होत्या आणि तिघींनीही त्याला पोळलं होतं. पहिली मित्राकडून आणलेली, मान वाकडी. दर दोन गाण्यांनी तिच्या खुंट्या पिळत बसावं लागायचं. दुसरी त्याने रंगावर भाळून घेतली, लालभडक, आवाज मात्र रिकाम्या डब्याचा. तिसरी पाच तारांची आणि इतकी जड की कार्यक्रम झाला की दोन दिवस पाठीला तेल चोळावं लागायचं. तिला त्याची बायको म्हैस म्हणायची.

त्यामुळे या वेळी तो शहाणा होऊन आला होता. रंगाकडे त्याने बघितलंही नाही. दुकानदाराला माझा आवाज मोठा करणारा अँप बंद करायला सांगितला, मला मांडीवर घेतलं आणि माझ्या खांद्याच्या टोकावर आपला जबडा टेकवला. मग सर्वांत जाड तार हळूच छेडली. माझा आवाज त्याच्या हाडांतून थेट डोक्यात गेला. "हाडातून ऐकू येतं ते खरं," तो म्हणाला. दुकानदाराला तो जरा चक्रम वाटला असावा. मला मात्र पहिल्यांदाच कोणीतरी विचारपूस केल्यासारखं वाटलं.

ही आता म्हातारपणापर्यंत पुरेल, असं त्याने घरी जाहीर केलं. बायकोने शिलाई मशीनवरून मान वर न करता, म्हशीच्या वेळीही हेच म्हणाला होतात, अशी आठवण करून दिली. ती कपडे शिवते. तिने माझ्यासाठी मऊ कापडाचा रुंद पट्टा शिवला आणि तारा पुसायला चिंध्यांची कधी वाण पडू दिली नाही.

अकरा वर्षं आम्ही दोघांनी मिळून काम केलं. हॉटेलच्या जेवणघरात वाजवलं, जिथे चमच्यांचा आवाज आमच्याहून मोठा असायचा. कंपन्यांच्या समारंभात साहेबांच्या भाषणांची वाट बघत ताटकळलो. रविवारी दुपारी एका नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचो, तिथे वयस्कर जोडपी यायची आणि गुडघे सांभाळत नाचायची. ती मला सर्वांत आवडायची, कारण त्यांचे पाय माझ्यावर पडायचे. पायांना कळतं, मी कुठे आहे ते.

ड्रम वाजवणारा आमचा जाड्या. त्याची आणि बेसवाल्याची वीस वर्षांची दोस्ती. मोठ्या ड्रमचा ठोका आणि माझी जाड तार एकाच क्षणी पडली पाहिजे, हा त्यांचा धर्म. ते जमलं की दोघं एकमेकांकडे बघून भुवया उडवायचे. दुसरं काही बोलायची त्यांना गरजच नव्हती.

आणि मग ते सुरू झालं.

आधी कळलं ते मला. माझ्या मानेवर तारांखाली धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत, ते माझे पडदे. जाड तारेच्या सातव्या पडद्यावर त्याची करंगळी यायची. ती तार दाबायची, पण पुरती नाही, दाराची कडी कोणी अर्ध्यातच सोडून द्यावी तशी. सूर घरघरला आणि मेला. नाचाच्या हॉलमधली रविवारची दुपार होती. एका आजोबांचं पाऊल अधांतरी राहिलं. जाड्याने वर बघितलं.

बेसवाल्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या सातव्या पडद्याकडे, डोळे बारीक करून. आपल्या बोटाकडे त्याने बघितलंच नाही.

तो वाईट माणूस नाही. पण अकरा वर्षं ज्या हाताने कधी दगा दिला नव्हता, त्याच्यावर संशय कोण घेणार? शिवाय आधीच्या तिन्ही बेसमध्ये खोट निघालीच होती. चौथीतही कधीतरी निघणार, हे त्याने मनाशी धरूनच ठेवलं असावं. सगळं खापर माझ्या माथी फुटलं.

त्याने तारा बदलल्या. महिन्याभरात पुन्हा बदलल्या. मग तारा उंच केल्या, म्हणजे त्या दाबायला आणखी जोर लागू लागला आणि सूर आणखी लवकर मेला. मग खाली केल्या, तर सगळीकडूनच खडखड. रात्रंदिवस त्या हाताखाली मी होते. करंगळी गार पडत चालली होती, शेजारचं बोटही तिच्या वाटेला लागलं होतं. मधलं बोट दोघांचं काम उरकायला धावत सुटायचं. हे सगळं मला तारेतारेतून कळत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. तो माझ्यावर जबडा टेकवून कान लावायचा, नेमकं काय बिघडलंय ते ऐकायला. मी जीव तोडून वाजायचे. पण माझ्याजवळ सूर आहेत, शब्द नाहीत.

शेवटी तो मला मिस्त्रींकडे घेऊन गेला. चाळीस वर्षं वाद्यं दुरुस्त करणारा म्हातारा. त्यांनी मला वाजवून पाहिलं, सातवा पडदा छान खणखणला. बेसवाल्याला ते मिस्त्रींच्या मुरलेल्या हाताचं कसब वाटलं. मग मिस्त्री म्हणाले, तू वाजव. बेसवाल्याने वाजवलं आणि सूर घरघरला. मिस्त्रींनी चष्मा वर केला आणि त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं, चांगला बराच वेळ. मला वाटलं, आता बोलतील.

"पडदा किंचित उंच वाटतोय," ते म्हणाले. "घासून देतो."

मिस्त्रींचा एक नियम आहे, तो मला त्यांच्या टेबलावर आठवडाभर पडून राहिल्यावर कळला. लाकूड आणि तार यांच्यापलीकडे गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. तरुणपणी त्यांनी एका व्हायोलिनवाल्याला हात कापतोय म्हणून सांगितलं होतं. त्या माणसाने त्याच दिवशी वाजवणं सोडलं. तेव्हापासून मिस्त्रींनी तोंडाला कुलूप लावलं. त्यांनी माझा चांगला पडदा कानशीने घासला, आणि तीन महिन्यांनी बेसवाला मला पुन्हा घेऊन आला तेव्हा पुन्हा घासला. मला त्यांचा राग आला आणि आजही येतो.

पण एकटे मिस्त्रीच कशाला? जाड्या त्या सुराच्या जागी ड्रम जोरात हाणू लागला, म्हणजे सूर मेलेला कोणाला कळू नये. आणि घरी बेसवाल्याच्या उजव्या बाहीचं बटण. ते डाव्या हाताने लावावं लागतं आणि त्याला ते लागेना. बायको कार्यक्रमाला निघताना मुकाट्याने लावून द्यायची. मग एक दिवस तिने त्याच्या सगळ्या शर्टांना टिच बटणं बसवली. त्याने विचारलंही नाही. सगळ्यांनी मिळून त्याला इतकं सांभाळलं, की त्याला काही कळण्याची सोयच उरली नाही.

दरम्यान त्याने एक नवी बेस आणली, आखूड मानेची, हलकी. दोन आठवडे तो खुशीत होता. मग तिचाही सूर मेला. हल्ली कोणी काही नीट बनवतच नाही, असं म्हणून त्याने तिला पलंगाखाली सारलं. आणि मला विकायचं ठरवलं.

एका शनिवारी दुपारी एका शाळेतल्या संगीताच्या बाई मला बघायला आल्या. त्या स्वतः बेस वाजवतात. बेसवाला सचोटीचा माणूस, त्याने पाणी द्यायच्या आधीच सांगून टाकलं. म्हणाला, "बाई, हिच्यात खोट आहे. जाड तारेवर सातव्या पडद्याचा सूर मरतो. दोनदा दुरुस्त केली, जात नाही."

बाईंनी मला मांडीवर घेतलं. त्यांच्या बोटांना घट्टे होते आणि हात उबदार होता. त्या वरपासून खालपर्यंत एकेक पडदा वाजवत आल्या. सातव्यावर आल्या आणि मी वाजले. दोन वर्षांत वाजले नव्हते अशी वाजले. खोलीतल्या काचेच्या पेल्यातलं पाणी थरथरलं.

"कुठे मरतोय?" बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा तसंच. मग तो त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसला आणि त्याने विचारलं, कोणत्या बोटाने दाबताय?

"करंगळीने."

त्याने आपला डावा हात समोर धरला आणि बोटं फाकवायचा प्रयत्न केला. तीन फाकली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वाकलेलीच राहिली. अंगठ्यामागचं मांस खोल गेलं होतं, तेही त्याने बहुधा तेव्हाच पाहिलं. मशीनचा आवाज थांबला होता. बायको दारात येऊन उभी होती.

"अगं, हे कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्हाला बोलायचं नाहीये."

मी बाईंच्या मांडीवर होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मला हेच तर सांगायचं होतं. आणि सांगितलं गेलं ते असं, परक्या हातातून, त्याच्या तोंडावर.

बाईंना सगळं उमगलं असावं. त्यांनी अवघडून विचारलं, "हिच्यात काही दोष नाही, मग विकताय का?"

"विकत नाही आता," तो म्हणाला. "वाजवायला घ्या. जाड्या आणून देईल."

डॉक्टरांनी सांगितलं, कोपरापाशी नस दाबली गेली आहे. पुढचं बिघडणं शस्त्रक्रियेने थांबेल. जे गेलं ते परत येईल की नाही, याची खात्री देता येत नाही. वर्षभर आधी आला असतात तर देता आली असती. हे बायकोने जाड्याला सांगितलं, तो मला बाईंकडे न्यायला आला होता तेव्हा, माझ्या पेटीवर हात ठेवून. तो सारखं एकच म्हणत होता, मी ठोका मोठा करायला नको होता.

आता रविवारी दुपारी त्याच हॉलमध्ये बाई मला वाजवतात. त्या गुणी आहेत, पडद्याला पडद्यासारखं वागवतात. शस्त्रक्रिया झाली आहे. बेसवाला येतो आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसतो. उजव्या हाताने गुडघ्यावर ताल धरतो. डावा हात मांडीवर पालथा पडलेला असतो. कार्यक्रम संपला की तो जाड्याशी बोलतो, बाईंना शाबासकी देतो, आणि मला न शिवता घरी जातो.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. तुमच्या हातातली वस्तू बिघडली असं वाटलं, तर तिला घासायच्या आधी ती एकदा दुसऱ्याच्या हातात देऊन बघा. आणि दुसऱ्याचा हात बिघडलेला दिसला, तर त्याला बटणं लावून देऊ नका. सांगा.

मी इथून त्या खुर्चीकडे बघत असते. त्या करंगळीत थोडा जीव आलाय की नाही, हे इतक्या लांबून मला कळत नाही. मला डोळ्यांनी काही कळत नाही. मला कळायचं असेल, तर त्यालाच उठून यावं लागेल.