पंचेचाळीस पौंड

ती सोफे आणि खुर्च्या मढवायच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काम करत होती. खुर्चीच्या सांगाड्यावर पट्टे ताणून ठोकताना दहा-बारा चुका, म्हणजे बारीक खिळे, दातांत धरून ठेवायची सवय, म्हणून सगळे तिला चुकाताई म्हणत. नवीन माणूस या नावाला हसला की ती चुका गालात सरकवून म्हणे, "तोंडात असतात, कामात नसतात." आणि ते खरं होतं. तिनं ताणलेला पट्टा दहा वर्षांनीही ढिला पडत नसे.

सहा वर्षांपासून ती रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर धनुष्यबाण चालवायला जात होती. मैत्रिणीच्या सोबतीला म्हणून गेली. मैत्रीण महिन्याभरात कंटाळली, ही राहिली. मैदानावरची धनुष्यं सामाईक होती आणि उंच माणसांच्या मापाची. ही बुटकी, हात आखूड. दुसऱ्याचा कोट घालून काम करावं तसं वाटायचं. तरी हळूहळू चढत चढत ती चाळीस पौंडांचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं, धनुष्य ओढायला लागली होती.

मधे दोन वर्षांपूर्वी ती कारखान्यात शिडीवरून पडली आणि उजवा खांदा निखळला. सहा महिने गेले. शेवटी डॉक्टरांनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि सांगितलं, "झालात बऱ्या. आता सगळं करा." तिनं सगळं केलं. वीस पौंडांपासून पुन्हा सुरुवात करून चाळीसला पोचली. पण घरच्यांच्या दृष्टीनं तो खांदा कधी बरा झालाच नाही. नवरा तिच्या हातातून बादली घेई. मुलगी पिशवी घेई. "अगं राहू दे, आम्ही आहोत ना," हे वाक्य दिवसातून पाच वेळा कानावर पडे आणि पाचही वेळा तिच्या डोक्यात तिडीक जाई. पण प्रेमानं बोलणाऱ्यावर ओरडायचं तरी कसं? ती बादली सोडून द्यायची.

एक्कावन्नावा वाढदिवस झाला आणि तिनं ठरवलं, आता स्वतःच्या मापाचं धनुष्य करून घ्यायचं. लाकडाचं, पाठीला बांबू लावलेलं, जुन्या पद्धतीचं. असं काम करणारा एक म्हातारा कारागीर एसटी स्टँडच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. त्यानं तिचे दोन्ही हात पसरायला लावून माप घेतलं, तळहात मोजला, काठीवर दोरी ओढायला लावून छातीशी खूण केली.

"सव्वीस इंच," तो म्हणाला. "किती पौंडांचं करू?"

"पंचेचाळीस."

त्यानं चष्म्यावरून बघितलं.

"काका, चाळीस मी आत्ता ओढते," ती म्हणाली. "मला पुढे जायचंय."

"बरं," म्हणून त्यानं वहीत लिहून घेतलं.

सात महिने लागले. त्या सात महिन्यांत तिनं पंचेचाळीस पौंडांना चालतील असे जाड, ताठ काडीचे बारा बाण करून घेतले. धनुष्य तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा ती जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच गेली.

कारागिरानं ते जुन्या चादरीतून काढलं. मधाच्या रंगाचं लाकूड, जवसाच्या तेलाचा वास, आणि मूठ अशी की तिची बोटं आपोआप जागच्या जागी बसली. मुठीच्या खाली काळ्या शाईनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ४५ पौंड, २६ इंच. तिनं दोरी ओढून पाहिली. इतक्या सहज आली की ती चकित झाली.

"केवढं हलकं येतंय हो, काका!"

"चांगलं धनुष्य असंच येतं," कारागीर म्हणाला आणि चादरीची घडी घालू लागला.

घरी येऊन तिनं नवऱ्याला तेच सांगितलं. "लोण्यासारखं ओढलं जातं. आयुष्यभर त्या सामाईक दांडक्यांशी झुंजत बसले बघा." नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता, मृदू बोलणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. तो हसला. "बघ, मी म्हणत होतो ना, उगाच जोर लावायची गरज नसते."

रविवारी सकाळी मैदानावर तिनं पहिला बाण लावला. वीस पावलांवर गवताचा गठ्ठा, त्यावर कागद. बाण कागदाच्या डावीकडे, गठ्ठ्याच्या कडेला लागला. दुसराही डावीकडे. तिसरा गठ्ठा चुकवून मागच्या मातीच्या ढिगात गेला. बारा बाणांपैकी एकही कागदाला शिवला नाही. नवं धनुष्य बघायला जमलेली चार माणसं एकेक करून आपापल्या जागी गेली.

"दोरी सोडताना बोटं अडकतायत तुझी," मैदानावरच्या शिक्षिका म्हणाल्या. "नव्या धनुष्याला वेळ दे."

तिनं वेळ दिला. दहा दिवस कामावरून सुटली की थेट मैदानावर, रोज साठ बाण. उभं राहणं बदललं, मान बदलली, श्वास बदलला. बाण डावीकडेच. तीन बोटांची सालं निघाली. ती रोज घरी येऊन टेबलाशी बसायची, बोटांना मलम लावायची आणि म्हणायची, "माझाच हात बिघडलाय. पडल्यापासून गेलाच तो." एकदा तर तिला रडू आलं. मलम संपलं तेव्हा नवऱ्यानंच नवी डबी आणून दिली.

अकराव्या दिवशी ती कारखान्यात कापसाच्या गादीचं वजन करत होती. हुकाचा काटा हातात होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात उभ्या केलेल्या धनुष्याकडे. काय मनात आलं कोण जाणे. फोमचे तुकडे गुंडाळून तिनं मूठ शिकंज्यात धरली, दोरीला काटा अडकवला, पट्टीवर सव्वीस इंचांची खूण केली आणि खुणेपर्यंत ओढलं.

पंचेचाळीस पौंड म्हणजे साडेवीस किलोला जरा कमी. काटा सोळावर थांबला. तिनं सोडून पुन्हा ओढलं. सोळा. काटा बिघडला असेल म्हणून दहा किलोचं माप लावून बघितलं. काटा ठीक होता. सोळा किलो म्हणजे पस्तीस पौंड.

आता सगळं उलगडलं. ताठ बाणाला जोरकस धनुष्य लागतं. जोर कमी पडला की तो वाकून मुठीला वळसा घालत नाही, डावीकडे फेकला जातो. तिचा हात बरोबर होता. दहा दिवस, सहाशे बाण, तिचा हात बरोबरच होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. तिनं ॲप्रन काढून फेकला, मुकादमाला "जाते" एवढंच म्हणाली आणि धनुष्य घेऊन शेड गाठली.

"काका, हे किती पौंडांचं आहे?"

"लिहिलंय ना त्यावर."

"लिहिलंय ते मी वाचलंय. आहे किती ते विचारतेय."

कारागिराचा हात रंध्यावरच थांबला. भिंतीवर त्याचाच काटा टांगलेला होता, कप्पीसकट. तिनं धनुष्य बाकावरच्या शिकंज्यात आवळलं आणि काट्याकडे बोट केलं. "लावा."

तो लावायला उठला नाही. खाली बघत म्हणाला, "तुमचे मिस्टर आले होते. तुम्ही माप देऊन गेलात, त्यानंतर चार दिवसांनी. म्हणाले, खांदा पुन्हा निखळला तर हात कायमचा जाईल असं डॉक्टरांनी सांगितलंय. हलकं करा, पण तिला कळू देऊ नका, मन मोडेल तिचं."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"ते मी कसं सांगू? घरचं माणूस काळजीनं सांगतंय..."

"घरच्या माणसाचं माप घेतलं होतंत का?" तिचा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. "हात कुणाचे पसरायला लावले होतेत? आणि हलकं केलंत ते केलंत, वर पंचेचाळीस लिहिलंत! स्वतःच्या हातानं! चाळीस वर्षं हे काम करताय, लाज नाही वाटली?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "शेडवर या. आत्ता." कुठली शेड हे त्यानं विचारलं नाही, आणि तिचा राग आणखी चढला.

अर्ध्या तासात तो आला. शिकंज्यातलं धनुष्य बघितलं, तिचा चेहरा बघितला आणि दारातच थांबला.

"हे बघ, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"तुमच्या दुकानात चार नंबरचा चष्मा मागितला," ती म्हणाली, "आणि तुम्ही तीनचा देऊन डबीवर चार लिहिलंत, तर त्या माणसानं काय समजायचं? आपले डोळे गेले असंच ना?"

"खांद्याचं तसं नसतं गं. तू पडलीस तेव्हा मी होतो तिथे दवाखान्यात. तू ओरडत होतीस ते मी ऐकलंय."

"मग? त्यामुळे खांदा तुमचा झाला?"

"पोरगीसुद्धा म्हणाली, बाबा, तुम्ही जाऊन बोलाच..." बोलता बोलता तो अडखळला.

"म्हणजे तिलाही माहीत होतं."

ती हसली. ते हसू ऐकून कारागीर उठला आणि विनाकारण पाण्याचा तांब्या भरू लागला.

"दहा दिवस," ती म्हणाली, "मी तुमच्यासमोर बसून हाताला मलम लावत होते. माझाच हात गेला म्हणून रडले. तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही काय केलंत? मलम आणून दिलंत!"

"मला वाटलं, सवय होईल."

"तू मला विचारलं का नाहीस?"

सत्तावीस वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. ते दोघांनाही ऐकू आलं. तिनं शब्द मागे घेतला नाही.

"विचारलं असतं तर ऐकलं असतंस?" तो हळूच म्हणाला.

"नसतं ऐकलं!"

"मग?"

"मग नसतं ऐकलं! एवढंच! त्यात तुला काय करायचंय?"

शेवटी तिनं शिकंजा सैल करून धनुष्य काढलं आणि कारागिरापुढे ठेवलं. "आकडा खरवडा. खरा लिहा. खाली सही करा."

त्यानं पटाशीच्या कडेनं पंचेचाळीस खरवडलं, काचपेपर मारला आणि पस्तीस लिहिलं. खाली सही केली. तिनं ते धनुष्य नवऱ्याच्या हातात दिलं.

"हे तुमचं. तुम्हीच सांगून करून घेतलंय. न्या."

तो ते काखेत धरून निघून गेला, वाढलेली उंची लपवणाऱ्या पोरासारखा वाकून.

"वाळवून ठेवलेलं लाकूड आहे, दुसरं करून देतो," कारागीर म्हणाला. "खरंखुरं पंचेचाळीस."

"तुमच्यावर विश्वास नाही. मी इथे बसणार."

पाच शनिवार ती बसली. तो लाकूड तासायचा, ही स्टुलावर हाताची घडी घालून बघायची. दर टप्प्याला काटा तिच्यासमोर लावायचा. पहिले दोन शनिवार ती एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या शनिवारी खालचा भाग वरच्यापेक्षा कमी वाकतोय, असं तिनं त्याच्याआधी सांगितलं. त्यानं चष्मा सावरून बघितलं, आणि खालूनच आणखी तासलं.

घरी तिनं मुलीला एकदाच सुनावलं. मुलगी रडली, माफी मागितली, आणि पिशव्या घ्यायची बंद झाली. नवऱ्याशी तिचं बोलणं कामापुरतं उरलं. 'तुम्ही' परत आलं होतं, पण त्यात ऊब नव्हती. तिलाच कधीकधी वाटायचं, आता पुरे. मग मलमाची डबी दिसायची आणि पुन्हा सगळं उसळून यायचं.

पाचव्या शनिवारी काटा साडेवीसला पोचला. आकडा तिनं स्वतःच्या हातानं लिहिला.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली. बाण लावला, दोरी ओढली. हे लोणी नव्हतं. पाठीचे स्नायू एकेक करून जागे झाले, हात हनुवटीशी येईतो दात आवळले गेले. तिनं सोडलं. बाण सरळ गेला आणि कागदाच्या खालच्या काठाला ठक्कन बसला. डावीकडे नाही, सरळ. दुसरा त्याच्या वर हातभर. तिसरा काळ्या वर्तुळात. तिच्या तोंडून एक शिवी निघाली, कुणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या फेरीच्या मध्यावर तिच्या लक्षात आलं की मागे नवरा उभा आहे. कुंपणाला टेकून, हात खिशात. ती वळली नाही. अठराव्या बाणाला खांद्यात आतून एक कळ आली. तिनं धनुष्य खाली घेतलं, क्षणभर हात लोंबू दिला.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण या सगळ्यात खोटं आधीच फार झालं होतं.

"दुखतंय."

तो पुढे काही म्हणेल म्हणून ती थांबली. थांब, बस, पुरे आता, राहू दे, यातलं काहीतरी येणारच. त्याचे ओठ हलले खरे. मग त्यानं ते मिटले आणि कुंपणाला टेकूनच राहिला.

"अजून सहा आहेत," ती म्हणाली. आवाजात अजून धार होती.

"मार मग," तो म्हणाला.

तिनं एकोणिसावा बाण लावला.