चौकटीबाहेरची जागा

आमच्या जेवणाच्या टेबलावर बरेच दिवस कोणी जेवलं नव्हतं. त्यावर एक पिवळा टॉवेल अंथरलेला होता, आणि टॉवेलवर पाच लेन्स उंचीप्रमाणे उभ्या होत्या, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात तशा. आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायचो. माझ्या शर्टावर आमटी सांडायची आणि बोलणीही मीच खायचो.

बायकोला त्या पाचांतून दोन निवडायच्या होत्या. फक्त दोन. आता तुम्हीच सांगा, याला किती वेळ लागावा? माझं चष्म्याचं दुकान आहे. लोक येतात, मी एक काच लावतो, दुसरी लावतो, आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं, असं विचारतो, की झालं काम. परवा एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, बायको पूर्वीसारखी दिसेल असा नंबर आहे का? मी त्याला चष्मा काढून ठेवायला सांगितलं. तो खूश होऊन गेला. इतकं सोपं असतं सगळं, पण आमच्या घरात नाही.

तिला वर्षभरासाठी जायचं होतं. किनाऱ्यापासून आत समुद्रात एक बेट आहे, तिथे जुनी मिठागरं आहेत आणि मीठ काढणारी चार घरं. एका संग्रहालयाला त्यांचे सगळ्या ऋतूंतले फोटो हवे होते, आणि ते काम आमच्या बाईसाहेबांनी घेतलं. होडी लहान, हवा खारट, ओल अशी की कपाटातल्या वस्तूलाही बुरशी यावी. म्हणून सामान कमी, कॅमेरा एक आणि लेन्स दोन. मी विचारलं, तीन नेल्या तर होडी बुडेल का? ती म्हणाली, तीन असल्या की माणूस पिशवीतल्या तिसरीचाच विचार करत बसतो, दोन असल्या की गुमान पाय हलवून जवळ-लांब होतो.

तिनं मलाही विचारलं होतं, नाही असं नाही. एकदा कप पुसताना, माझ्याकडे पाठ करून, तुम्ही याल का बरोबर, म्हणाली. मी म्हणालो, आणि दुकान कोण बघणार? ती म्हणाली, "खरंय." कप जागेवर ठेवला आणि दुसरा पुसायला घेतला. विषय संपला.

असा संपतो का विषय? माणसाला विचारायची एक रीत असते. पहिल्यांदा तो नाही म्हणतो, दुसऱ्यांदा आढेवेढे घेतो, तिसऱ्यांदा हो म्हणतो. हिनं माझं पहिलंच 'नाही' उचललं आणि ठेवून दिलं कपाटात. मी वाट बघत राहिलो. तीस वर्षं संसार केलेली बाई वर्षभर दूर राहणार, आणि मी मूग गिळून बसलो होतो. ती टॉवेलवरच्या लेन्स पुढेमागे करत होती. मी एवढंच म्हणायचो, आमटीत मीठ कमी आहे.

त्यात मला एक जुनं दुखणं होतं, तेही सांगून टाकतो. हिनं आयुष्यभर फोटो काढले. घराच्या भिंती भरल्यात त्यांनी. पुलाखाली झोपलेला माणूस आहे, न्हाव्याची रिकामी खुर्ची आहे, कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेली चादर आहे. मी एकाही फोटोत नाही. उद्या हरवलो तर पोलिसांना दाखवायला माझा फोटो नाही. ओळखपत्रावर आहे म्हणा, पण त्यात मीच चोर दिसतो.

आणि फोटो काढायला जाताना बरोबर कोण? मीच. पिशवी माझ्या खांद्यावर. ज्याचं त्याला आणि गाढव ओझ्याला.

त्या दिवसांत ती रोज सकाळी दोन वेगवेगळ्या लेन्स घेऊन निघायची आणि मी मागून. कालव्याच्या काठानं धुकं असायचं. दिवे विझलेले नसायचे आणि उजाडलेलंही नसायचं. पलीकडच्या काठावरून कोणीतरी सायकल हातात धरून चाललेलं असायचं, सायकल दिसायची नाही, नुसता तिचा टकटक आवाज पाण्यावरून यायचा. मला अशा वेळी आपण झोपेतून उठलोच नाही असं वाटतं. घरी अंथरुणात आहोत आणि कालवा उशाशी आलाय. तिचं बोलणंही तसंच लांबून आल्यासारखं ऐकू यायचं.

"अहो, जरा पुढे जा. आता डावीकडे. अजून थोडं. हां, तिथेच थांबा."

हे मी तीस वर्षं ऐकत आलोय. कुठेही जा, बाजारात, धक्क्यावर, रेल्वेच्या फाटकापाशी, आधी मला डावीकडे हाकलायचं आणि मग फोटो काढायचा. मी समजायचो, मी मधे कडमडतोय. निमूट सरकायचो. तिथे उभा राहून पाण्यावरचं धुकं बघायचो, आणि धुक्यात ती मला हळूहळू पुसट होताना दिसायची. एकदा तर मला वाटलं ती गेलीच बेटावर, आणि मी इथे पिशवी धरून उभा आहे. मग तिनं हाक मारली आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

एका संध्याकाळी कॅमेरे दुरुस्त करणारा मिस्त्री आला. म्हातारा माणूस, बोटं बाईसारखी नाजूक. साफ केलेल्या लेन्स त्यानं एकेक करून टॉवेलवर ठेवल्या आणि विचारलं, मग काय ठरलं? हिनं शांतपणे दोन पुढे सरकवल्या, अठ्ठावीस आणि पस्तीस. मला त्यातलं एवढंच कळतं की आकडा लहान तितका फोटोत पसारा जास्त मावतो, आणि मोठा तितकं लांबचं जवळ येतं.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. म्हणाला, बाई, या दोघी सख्ख्या बहिणी, दोन्ही नेऊन काय करणार? आणि पन्नास? पन्नास ठेवून जाणार? तुमचे सगळे फोटो पन्नासचे. हात मोडला तरी चालेल, पण पन्नास नका ठेवू.

"पन्नास नको मला," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? त्या पन्नासच्या लेन्सचा रंग उडून आतलं पितळ दिसायला लागलं होतं, इतकी ती हाताळलेली. मला वाटलं, जी बाई ही लेन्स मागे ठेवून जाऊ शकते तिला मला ठेवून जाणं काय जड आहे? मला राग आला. रागापेक्षा भीतीच वाटली.

रविवारी दुकान बंद असतं. ती संग्रहालयात कागदांवर सह्या करायला गेली होती. दुपारची उन्हं पडद्यातून येत होती आणि पडदा आत-बाहेर, आत-बाहेर हलत होता, घर झोपेत श्वास घेत असावं तसा. मी टेबलापाशी बसलो. कॅमेरा तिथेच होता, लेन्स काढून तोंडाला झाकण लावलेलं. मी त्या कॅमेऱ्यातून आजवर कधी बघितलं नव्हतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावून आल्यावर घरी आणखी एका काचेतून कोण बघणार? आणि ती गोष्ट तिची होती. त्या दुपारी मी तो उचलला आणि मागच्या छोट्या खिडकीला डोळा लावला.

खोली दिसली. मी दचकलोच. लेन्स नाही, तोंडाला झाकण, आणि सगळं स्वच्छ दिसतंय! मग लक्षात आलं की या जातीच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारं तोंड वेगळं. चष्मेवाल्याच्या घरात तीस वर्षं ही वस्तू, आणि मला हे माहीत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

खिडकीत खोली होती आणि खोलीवर उजेडाच्या बारीक रेघांची एक चौकट तरंगत होती. पुढच्या बाजूला एक छोटी दांडी बोटाला लागली. ती ढकलली तर चौकट लहान झाली. उलटी ढकलली तर मोठी झाली, पार खिडकीच्या कडांना जाऊन टेकली. प्रत्येक लेन्सची चौकट वेगळी, आणि लेन्स न लावताच ती बघायची ही सोय. मी दांडी हलवत बसलो. कपाट आत, कपाट बाहेर. पडदा आत, पडदा बाहेर. मधल्या एका ठिपक्यात सगळं दोन-दोन दिसत होतं, दोन खुर्च्या, दोन पाण्याचे तांबे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला गुंगी आली असावी. खोली आपली वाटेना. कोणीतरी इथे राहून गेलंय आणि मी त्यांचं घर लांबून बघतोय असं वाटायला लागलं.

मग दार उघडलं आणि ती आली. खिडकीच्या अगदी डाव्या कडेला, उजेडाच्या रेघांच्या बाहेर, चपला काढत उभी राहिली. मी कॅमेरा खाली घेतला नाही. चौकटीत कपाट होतं, खुर्ची होती. फोटो काढला असता तर तेवढंच आलं असतं. पण ती मला दिसत होती. पदरानं मान पुसताना, पिशवी खुंटीला अडकवताना, मी चोरून बघतोय हे कळल्यावर थबकताना, सगळं दिसत होतं.

मी तसाच डोळा लावून विचारलं, "तू मला डावीकडे का उभं करायचीस गं?"

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"नको असलेल्या माणसाला मागे उभं करतात," मी म्हणालो. "मला पुढे का पाठवायचीस?"

"उजवीकडे लेन्सचं टोक आड येतं," ती म्हणाली. "डावीकडे मोकळं असतं."

"म्हणजे मी दिसायचो."

"कायम." ती टॉवेलच्या कडेचा धागा ओढत होती. "दुसऱ्या कॅमेऱ्यांत जेवढा फोटो तेवढंच दिसतं, म्हणून मला ते कधी आवडले नाहीत. यात बाहेरचंही दिसतं. तुम्ही पिशवी धरून तिथे उभे, तोंड वाकडं करून. तुम्ही दिसलात की मला धीर यायचा, मगच मी बटण दाबायचे. माझा एकही फोटो तुमच्याशिवाय काढलेला नाही, आणि तुम्ही भिंतीवर स्वतःला शोधत बसता."

मी कॅमेरा खाली ठेवला.

"मग पन्नास का ठेवून चाललीस?"

तिनं त्या लेन्सकडे बघितलं नाही. म्हणाली, "पन्नासची चौकट लहान, तिच्याबाहेर भरपूर जागा उरते. तिथे वर्षभर कोणी नसणार. अठ्ठावीसला बाहेर काही उरतच नाही, पस्तीसला नावापुरतं. मला ती रिकामी जागा बघत फोटो काढता येणार नाही. मी करून बघितलं. परवा तुम्ही दुकानात होतात तेव्हा पन्नास लावून कालव्यावर एकटी गेले होते. एकही फोटो न काढता परत आले."

पडदा आत आला आणि बाहेर गेला. माझ्या मनात दुकान उभं राहिलं, शटर, पाटी, काचेची कपाटं, उद्या चष्मा न्यायला येणारी एक तापट मास्तरीण. अख्खं आयुष्य मी त्या दुकानाच्या आड उभा होतो. दुकान कोण बघणार, हे मी कुणाला विचारलं होतं? तिला, की तिनं पुन्हा विचारावं म्हणून भिंतीला?

"पन्नास घे," मी म्हणालो.

"ऐकलंत ना मी आत्ता काय बोलले ते?"

"ऐकलं म्हणूनच सांगतोय. पन्नास घे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं, पण तिला ते माझ्या तोंडून हवं होतं, आणि तिची चूक नव्हती.

"मी येतो," मी म्हणालो. "तुझ्याशिवाय मला इथे राहता येणार नाही. तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं."

"आणि दुकान?"

"दिसेल लोकांना वर्षभर जरा धूसर. त्यानं कोणी मरत नाही."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला टॉवेल दिला. त्यावरच्या लेन्स गडगडल्या आणि आम्ही दोघांनी चार हातांनी त्या अडवल्या. डोळे पुसून झाल्यावर तिनं पन्नास उचलून पिशवीत ठेवली आणि पस्तीस कपाटात टाकली. अठ्ठावीस हातात धरून तशीच बसली.

मी म्हणालो, तीही ठेव की कपाटात. आता मी आहे ना बाहेर उभा, तर दुसरी कुठलीतरी लांबच्या पल्ल्याची घे, मिस्त्रीलाही बरं वाटेल.

"हीच राहू दे," ती म्हणाली. "कधी तुम्हाला आत घ्यावंसं वाटलं तर."