गाण्याला धनी हवा

इलारियेच्या हृदयाची झडप बदलायची तारीख ठरली आणि झाम्फिराची झोप उडाली. चर्चमधल्या बायकांना वाटलं, म्हातारी ऑपरेशनला भितेय. ती भीती होतीच, पण ती चारचौघींत सांगता येण्यासारखी होती. तिच्या पोटात जी दुसरी भीती होती ती सांगायची कशी?

नवरा गेलाच, तर त्याच्यासाठी पहाटेचं गाणं म्हणणार कोण?

डॅन्यूब नदीकाठच्या त्यांच्या गावांत माणूस गेला की त्याला पुरायच्या आधी बायका पहाटे उंबऱ्याबाहेर उभ्या राहतात. पूर्वेकडे तोंड करून गातात. उजाडायला आलेल्या आभाळाला विनवतात, जरा दम धर. मग मेलेल्याला त्याचं नाव घेऊन पुढची वाट सांगतात. कुठे वळायचं, कुठे थांबायचं नाही, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. वाट सांगितली नाही तर माणूस मध्येच घुटमळतो. ओहायोत येऊनही त्यांनी हे सोडलं नव्हतं. इथे मढं घरी ठेवत नाहीत, फ्युनरल होममध्ये ठेवतात. मग झाम्फिरा आणि तिच्या गाणाऱ्या सोबतिणी आनिका आणि वेता त्याच्या पार्किंगमध्ये उभ्या राहायच्या. एकदा शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि पोलीस आला. गाडीतून उतरला, थोडा वेळ ऐकत राहिला, मग टोपी काढून गाणं संपेपर्यंत तसाच उभा. "आपल्याकडचा असता तर आधी दारू मागितली असती," वेता परतताना म्हणाली होती.

आधी आनिका गेली, मग वेता. गाणं एकट्या झाम्फिराकडे उरलं. आणि घरच्या बाईने घरच्या मेलेल्यासाठी गायचं नाही, ही जुनी रीत. घरचं माणूस वाट सांगायला लागलं तर मेलेला मागे वळतो म्हणतात. म्हणजे अख्ख्या वस्तीला पोचवायला ती होती; नवऱ्याला पोचवायला कुणी नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मिरुना आली. चष्म्याच्या दुकानात कामाला असलेली, इथेच जन्मलेली चाळिशीची बाई. चर्चच्या हॉलमागच्या खोलीत ती वस्तीच्या जुन्या वस्तू जमवत होती. काचेच्या कपाटात भरतकामाचे झगे, लाकडी चमचे, कुणाच्या आजीचा चरखा असं बरंच काही लावून झालं होतं.

"तान्ती झाम्फिरा," वस्तीतल्या रीतीने मावशी म्हणत तिने कोबीची पानं निवडता निवडता विषय काढला, "झगे झाले, चमचे झाले. पण ते गाणं काही कपाटात ठेवता येत नाही. तुम्ही एकदा फोनमध्ये म्हणून दाखवा ना."

"फोनमध्ये मढं आहे का?"

"म्हणजे?"

"मढं नसताना ते तोंडातून काढत नाहीत, पोरी. गाण्याला धनी लागतो. नसला तर ते शोधत निघतं." झाम्फिराने भातात खिमा कालवता कालवता हात थांबवला. "आनिकाने एकदा असंच म्हणून दाखवलं होतं. कुठल्याशा विद्यापीठातून माणूस आला होता, गोड बोलून गेला. पंधरवड्यात तिचा जावई छपरावरून पडला."

"छपरं घालायचाच धंदा होता त्याचा!" बाहेरच्या खोलीतून इलारिये ओरडला. कान त्याचे अजून शाबूत होते. "आणि पिऊन चढला होता. गाण्यावर कशाला घालतेस?"

"तू टीव्ही बघ, म्हाताऱ्या."

"बघतोच आहे. पण म्हण की एकदा. मेल्यावर मला कुठे ऐकू येणार आहे? आताच चालीचा अंदाज घेतो."

झाम्फिराच्या हातातून पातेलं निसटलं. फरशीभर भात पसरला. तिने तीनदा छातीवर क्रूस काढला, जमिनीच्या दिशेने थुंकल्यासारखं केलं आणि तिथेच खुर्चीवर बसली. मिरुनाने भात गोळा केला. जाताना ती दारात थबकली. "तान्ती, मी तुमच्या नात्यातली नाही," ती हळूच म्हणाली. "मी गाऊ शकते. कुणी शिकवलं तर."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. झाम्फिराला त्याचीच जास्त धास्ती वाटली. मनातली भीती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती खरी होऊन बसते.

शिकवायचं म्हणजे म्हणायचं. म्हणायचं म्हणजे धनी हवा. आणि या आठवड्यात सगळ्या वस्तीत मरायच्या बेतात होता तो एकटा इलारियेच. गाणं बाहेर काढलं तर ते दुसऱ्या कुणाचं दार कशाला ठोठावेल?

शनिवार मृतांच्या स्मरणाचा होता. झाम्फिराने गव्हाची खीर शिजवली, वर अक्रोड आणि साखर पेरून क्रूस काढला, आणि चर्चमध्ये मंत्र झाल्यावर दफनभूमीत वाटायला नेली. आनिकाच्या दगडाजवळ मेणबत्ती लावली. पुढे पश्चिमेच्या कुंपणापाशी वेता. वेताच्या दगडासमोर ती मेणबत्ती हातात धरून उभी राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

वेता महामारीच्या वसंतात गेली होती. दवाखान्यात कुणाला सोडत नव्हते. पुरताना पाद्रीबाबा आणि दोघं मुलगे, बस. बाकी सगळे घरांत कोंडलेले. वस्तीतल्या निम्म्या माणसांना जिने वाट सांगितली, तिला कुणीच सांगितली नव्हती.

पाद्रीबाबा मेणबत्त्या विझवत हिंडत होते. झाम्फिरा त्यांच्यामागे गेली. "बाबा, एखाद्याचं गाणं राहिलं असेल, तर मागाहून चालतं का?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग वेताच्या दगडाकडे. "हे गाणं माझ्या पोथीत नाही, झाम्फिरा. मला विचारू नकोस, म्हणजे मला नाही म्हणावं लागणार नाही."

रविवारी पहाटे मिरुना गाडी घेऊन आली. दफनभूमीचं फाटक इतक्या लवकर उघडत नाही, म्हणून दोघी कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. आत, हातभर अंतरावर, वेता. झाम्फिराने पाव आणि मेणबत्ती कुंपणाच्या खांबाशी ठेवली. जवळच्या सरोवरावरून बोचरा वारा येत होता. ज्योत टिकेना, मिरुनाने तिला हाताचा आडोसा धरला.

"फोन?"

"गाडीत ठेवलाय."

"गाडीतच राहू दे. माझ्यामागून ये. अर्धा श्वास मागे राहायचं, म्हणजे चुकलीस तरी ऐकू जात नाही. आम्ही असंच शिकलो."

"आणि तान्ती, वेताला जाऊन इतकी वर्षं झाली..."

"तिला कुठे कधी वेळेवर यायची सवय होती?" झाम्फिरा म्हणाली, पण हसू ओठांवर आलं नाही.

तिने सूर लावला. आवाज आधी चिरकला, मग बसला. पूर्वेला दफनभूमीपलीकडे पेट्रोल पंपाचे दिवे होते आणि त्यांच्यामागे आभाळाची कड राखाडी होत होती. मागून मिरुना येत होती, अडखळत, शब्द मोडत, पण येत होती. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. झाम्फिराला वाटलं, जमतंय. आणि जमतंय असं वाटताच मन सुटलं आणि धावत घरी गेलं. इलारिये एकटा झोपलाय. उशी उंच ठेवली होती ना? गोळी?

तेवढ्यात नावाची जागा आली.

शेकडो पहाटे त्या जागेवर तिने बिनचूक नाव ठेवलं होतं. आता तिच्या तोंडात वेता नव्हतीच. "इ" इतकंच ओठांतून निसटलं. तिला ते ऐकू आलं. कुंपणाची जाळी तिने घट्ट धरली. गाणं उघड्यावर, तोंड उघडं, आणि नाव अर्धं.

"वेता!"

मिरुना. अर्धा श्वास मागे न राहता पुढे होऊन, बेसूर, जोरात, जणू बस चुकणाऱ्या बाईला हाक मारावी तशी. "वेता!" पुन्हा एकदा, आता सुरात. आणि पुढची ओळ तिनेच उचलली.

झाम्फिरा तिच्यामागून गेली. अर्धा श्वास मागे.

मिरुनाने तिला घरी आणून सोडलं. दार उघडताना झाम्फिराने विचारलं, "ऐकलंस तू? ते मघाचं?"

"मला फक्त वेता ऐकू आलं," मिरुना म्हणाली.

हे खरं होतं की चांगुलपण, हे झाम्फिराला कळेना. घरात शिरून ती आधी इलारियेच्या छातीवर कान लावून उभी राहिली.

"मेलो नाही," तो डोळे मिटूनच म्हणाला. "कॉफी टाक."

सोमवारी त्याला ऑपरेशनसाठी आत नेलं. त्या अर्ध्या अक्षराने झाम्फिराचा दिवसभर पिच्छा पुरवला. दवाखान्याच्या प्रतीक्षेच्या खोलीत ती दर वेळी दार वाजलं की उठायची आणि पुन्हा बसायची. मिरुना कामावर रजा टाकून शेजारी बसली होती. बराच वेळ ती ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती.

"तान्ती, दुसऱ्या वळणानंतर आधी विहीर येते की..."

झाम्फिराने तिच्या तोंडावर हात दाबला. "इथे नाही!"

"मग कधी विचारू?"

"कुणी मेल्यावर."

समोर मासिक चाळणाऱ्या बाईने मान वर केली. भाषा तिला कळली नव्हती. दोन बायका भांडतायत एवढंच कळलं असावं. मिरुनाने ओठ मिटले आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसली. झाम्फिराला त्या गप्प बसण्याने जरा बरं वाटलं. गाणं कुठे थांबवायचं हे या पोरीला कळत होतं. म्हणणारे पुष्कळ मिळतील. थांबणारे मिळत नाहीत.

संध्याकाळी नर्सने हाक मारली. इलारिये नळ्यांच्या जाळ्यात पडला होता, पांढराफटक, पण डोळे उघडे. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या मिरुनाकडे.

"हिला येतं?" त्याचा आवाज कागदासारखा झाला होता.

"येतं," झाम्फिरा म्हणाली. "बेसूर आहे. पण नाव चुकत नाही."

त्याने छताकडे नजर वळवली. "मग घाई नाही," म्हणाला आणि डोळे मिटले.

झाम्फिरा लगेच पुढे वाकली. चादर वर-खाली होतेय की नाही ते बघत राहिली. होत होती. तरी ती तशीच वाकून उभी राहिली, आणि मिरुनाने मागून खुर्ची सरकवली तेव्हाही बसली नाही.